पिस्तुलाला सेफ्टीचा खटका हवा की नको?

पत्र थोडक्यात असं: वाचक चाळिशीतल्या आहेत, लायसन्स मिळालंय, आता सोबत बाळगायला नाईन एमएमचं छोटं पिस्तूल घ्यायचंय. जे मॉडेल आवडलंय ते दोन प्रकारांत मिळतं, एकाला अंगठ्याने चालू-बंद करायची सेफ्टी आहे आणि दुसऱ्याला बाहेरून काहीच नाही. नवऱ्याचं म्हणणं, घरात सहा वर्षांचा मुलगा आहे तेव्हा सेफ्टी नसलेलं पिस्तूल घरात येणार नाही. रेंजवर शिकवणारे सर म्हणतात, ऐनवेळी खटका काढायला विसरलात तर हातात नुसता लोखंडाचा तुकडा उरतो, सेफ्टी नसलेलंच घ्या. बाई डावखुऱ्या आहेत, पिस्तूल पर्समध्ये ठेवायचा विचार आहे, आणि शेवटी चेंबरबद्दल (नळीच्या मागच्या टोकाची जागा, जिथली गोळी ट्रिगर ओढल्यावर सुटते) विचारतात, "चेंबरमध्ये गोळी ठेवायची का? आणि या दोघांपैकी मी ऐकू कोणाचं?"

ताई, पिस्तूल बाळगायचं की नाही हे तुम्ही ठरवून झालंय, त्यामुळे तो विषय मी परत उकरत नाही. पण पत्र वाचताना एक गोष्ट सारखी जाणवत होती, की तुमचे मिस्टर आणि तुमचे सर एकाच प्रश्नाची दोन उत्तरं देत नाहीयेत, त्यांचे प्रश्नच वेगळे आहेत. मिस्टरांच्या डोळ्यासमोर घर आहे, पोरगं आहे, कपाटाचं उघडं राहिलेलं दार आहे. सरांच्या डोळ्यासमोर तो क्षण आहे जेव्हा कोणीतरी अंगावर येतंय आणि हातात वेळ नाही. दोघांची भीती खरी आहे आणि दोघांनाही तुमची काळजी आहे हे उघड आहे. पण या दोन्ही भीतींवर मिळून एकच एवढासा खटका उपाय म्हणून पुढे केला जातोय, आणि तेवढं काम त्याच्याकडून होणार नाही.

आधी तो खटका करतो काय ते बघू. बहुतेक आधुनिक पिस्तुलांत तो लावला की ट्रिगर दाबला तरी पुढचं काही हलत नाही. बस, एवढंच त्याचं काम. पिस्तूल हातातून पडलं तर गोळी सुटू नये याची सोय सहसा वेगळी असते, आत फायरिंग पिन (काडतुसावर आपटून गोळी उडवणारी सळई) अडवून धरणारा एक छोटा भाग असतो जो ट्रिगर पूर्ण मागे आल्याशिवाय बाजूला होत नाही. म्हणजे बाहेरून सेफ्टी दिसत नाही म्हणून पिस्तुलात सेफ्टीच नाही असं धरून चालू नका. ग्लॉक १७ या पिस्तुलाचं उदाहरण बघा, १९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या सैन्याने ते घेतलं, बाहेर अंगठ्याचा खटका नाही, पण ट्रिगरच्या पात्यावरच एक छोटी पट्टी, आत पिनचा अडथळा आणि पडण्यापासूनची वेगळी सोय अशा तीन गोष्टी आहेत. मात्र या तिन्ही एकाच हालचालीने मोकळ्या होतात, ट्रिगर मागे ओढल्याने. ट्रिगरवर बोट असो, जॅकेटची नाडी असो, पर्समधलं पेन असो, पिस्तुलाला फरक कळत नाही. साधारण अडीच किलोचा जोर आणि सव्वा सेंटीमीटरच्या आसपास हालचाल, झाली गोळी. म्हणून माझ्या मते खरा प्रश्न असा विचारायला हवा की ट्रिगर आणि जगातल्या बाकी सगळ्या गोष्टी यांच्या मध्ये काय काय आहे?

यावर पिस्तुलागणिक उत्तर बदलतं, आणि इथे जरा सविस्तर सांगतो कारण दुकानात हे कोणी नीट सांगत नाही. जुनी १९११ धर्तीची (अमेरिकन सैन्याने १९११ मध्ये घेतलेल्या पिस्तुलाच्या नमुन्याची) पिस्तुलं असतात त्यांचा घोडा (पिनवर आपटणारा मागचा हातोडा) मागे ओढून ठेवलेला असतो, ट्रिगर हलका आणि प्रवास अगदी थोडा, त्यामुळे असं पिस्तूल भरून सोबत बाळगायचं तर खटका लावलेलाच हवा, त्यात दुसरं मत मला मान्य नाही. तो खटका त्यावर आला कसा हेही बघण्यासारखं आहे. ते पिस्तूल घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगच्या त्याआधीच्या नमुन्याला पकडीमागची सेफ्टी होती पण अंगठ्याची नव्हती, अमेरिकन घोडदळाने ती मागून घेतली, कारण एका हातात लगाम असताना दुसऱ्या हातातलं, हातोडा ओढलेलं पिस्तूल एकाच हाताने सुरक्षित करून परत म्यानात घालता यायला हवं होतं. म्हणजे ही सेफ्टी मागितली गेली तीच मुळात पिस्तूल परत ठेवतानाच्या क्षणासाठी. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दुसऱ्या टोकाला रिव्हॉल्व्हर. त्याला साधारणपणे असा खटका नसतोच आणि पिढ्यानपिढ्या लोकांनी तो नसताना बाळगलंय, कारण घोडा खाली असताना ट्रिगर ओढायला साडेचार-पाच किलोच्या आसपास जोर लागतो आणि लांबवर ओढावा लागतो, तो जडपणा हीच त्याची सेफ्टी. त्याच विचाराची पिस्तुलंही आहेत, पहिली गोळी जड ट्रिगरने आणि पुढच्या हलक्या, सिग पी२२६ तसं आहे, त्याला घोडा अलगद खाली सोडायचं लिव्हर आहे पण वेगळा खटका नाही. बेरेटा ९२ ला मात्र तोच घोडा उतरवायचा लिव्हर स्लाइडवर (पिस्तुलाच्या वरच्या, मागेपुढे सरकणाऱ्या भागावर) आहे आणि तो खाली ठेवला तर सेफ्टीचंही काम करतो.

आणि मग मधली सगळी स्ट्रायकरवाली पिस्तुलं (बाहेर घोडा नसतो, आतलाच स्प्रिंगवरचा भाग काडतुसावर आपटतो), आज सोबत बाळगायला सगळ्यात जास्त हीच घेतली जातात आणि तुम्ही बघितलेलं मॉडेलही त्यातलंच दिसतंय. ट्रिगर ना रिव्हॉल्व्हरइतका जड ना १९११ इतका हलका. वाद इथेच आहे आणि जाणकारांतही तो मिटलेला नाही, याचा पुरावा म्हणजे अमेरिकन सैन्याने २०१७ मध्ये नवं पिस्तूल निवडलं तेव्हा स्ट्रायकरवालंच निवडलं पण खटका असलेलं, आणि त्याच कंपनीचं तेच मूळ मॉडेल बाजारात खटक्याशिवायही मिळतं. त्यामुळे कोणी तुम्हाला छातीठोकपणे सांगितलं की अमुकच बरोबर आणि दुसरं घेणारे मूर्ख, तर त्याचं मनावर घेऊ नका.

आता मिस्टरांच्या मुद्द्याकडे येते गाडी. सहा वर्षांचं मूल. मी हे अगदी स्पष्ट लिहितो, मुलापासून संरक्षण म्हणून खटक्यावर अजिबात, अजिबात भरवसा ठेवू नका. खटका हे कुलूप नाही. मुलं रिमोट उघडतात, मोबाइल उघडतात, जे जे दाबता येतं ते दाबून बघतात, अंगठ्याने खालीवर होणारा एक खटका त्यांना किती वेळ अडवणार? आणि बोटात जोर नसला तर मूल पिस्तूल उलटं धरून दोन्ही अंगठ्यांनी ट्रिगर ढकलतं, म्हणजे तोंड स्वतःकडे. घरात पिस्तूल एकतर तुमच्या अंगावर असावं नाहीतर कुलपाच्या पेटीत, तिसरी जागा नाही. कपाटाच्या वरच्या फळीवर नाही, गादीखाली नाही, "पाच मिनिटांत येते" म्हणून पर्समध्ये टांगून तर मुळीच नाही. मिस्टरांना सांगा की त्यांचा आग्रह योग्य आहे फक्त त्यांनी तो पेटीसाठी धरावा, आणि पेटी पिस्तुलाच्या आधी घरात यावी.

पर्सचं तर मला तुम्हाला थांबवावंसंच वाटतं. २०१४ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात एक तरुण आई खरेदीला गेली होती, पर्स ट्रॉलीत, शेजारी तिचं दोन वर्षांचं मूल. पर्सला पिस्तुलासाठी मुद्दाम शिवलेला चेनचा वेगळा कप्पा होता. मुलाने तो उघडला, पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. बाई बेफिकीर नव्हती, तिने त्यासाठीच बनवलेली पर्स वापरली होती. पण पर्स अंगापासून सुटते, हा तिचा स्वभावच आहे, खुर्चीला अडकवली जाते, सोफ्यावर टाकली जाते, कोणीतरी "आई पैसे घेते गं" म्हणून हात घालतं. चोर ओढतो तीही पर्सच, म्हणजे ज्या प्रसंगासाठी पिस्तूल घेतलं त्याच प्रसंगात ते समोरच्याच्या हातात गेलेलं असेल. आणि इतर सामान ट्रिगरमध्ये घुसायचा धोका वेगळाच. तेव्हा माझं मत, अंगावर कमरेला होल्स्टर, म्हणजे पिस्तुलाचं म्यान, आणि ज्या दिवशी कपड्यांमुळे किंवा कामामुळे ते जमणार नसेल त्या दिवशी पिस्तूल पेटीत घरी. फारच नाइलाज असला तर कप्प्यात दुसरं काहीही नको, ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर आत घट्ट बसवलेलं हवं आणि पर्स आडव्या पट्ट्याने अंगावर, ती शरीरावरून उतरवायची नाही. पण खरं सांगू का, सहा वर्षांचं मूल घरात असताना मी हा नाइलाजही मान्य करणार नाही.

होल्स्टरबद्दल थोडं. कडक प्लास्टिकचं किंवा तसंच दणकट, ट्रिगरची पूर्ण कडी झाकणारं, पिस्तूल आत असताना बाहेरून ट्रिगरला बोट लागूच नये असं. त्याच मॉडेलसाठी बनवलेलं, "सगळ्यांना बसतं" वालं मऊ कापडी नको. माझ्या हिशेबाने चांगलं होल्स्टर हे खटक्यापेक्षा जास्त संरक्षण देतं, कारण ते दिवसभर काम करत असतं आणि तुम्हाला काही आठवावं लागत नाही. उणीव राहते ती एकाच जागी, पिस्तूल परत आत घालताना. ओढणीचं टोक, शर्टाची कड, सवयीने आत राहिलेलं बोट, यातलं काहीही पिस्तुलाबरोबर आत गेलं तर तेच ट्रिगर ओढतं, आणि कमरेपुढे होल्स्टर लावलं असेल तर तोंड कुठे असतं ते तुम्हीच बघा. घोडदळाला नेमकी हीच काळजी होती. इथे खटका खरोखर कामाचा आहे, लावला, मग आत घातलं, तर अडकलेल्या कापडाने काही होत नाही. दुसरा उपयोग झटापटीत, पिस्तूल हिसकावलं गेलं तर अनोळखी माणसाला तो खटका शोधायला क्षणभर लागतो, लागेलच अशी खात्री नाही पण लागू शकतो.

आता सरांचं म्हणणं. "ऐनवेळी विसरलात तर?" हा धोका खरा आहे, घाबरलेल्या माणसाचा अंगठा बारीक काम नीट करत नाही आणि काही छोट्या पिस्तुलांवरचे खटके इतके बारीक, इतके चपटे असतात की शांतपणेही पटकन सापडत नाहीत. पण "वेळ जातो" हा जो दुसरा मुद्दा सांगतात तो मला तितका पटत नाही, पिस्तूल बाहेर काढून समोर नेईपर्यंतच्या हालचालीतच अंगठा खाली जातो, सराव असेल तर वेगळा वेळ लागत नाही. सगळं त्या "सराव असेल तर" वर आहे. गिअरची गाडी चालवणारा क्लच दाबायचा का असा विचार करत नाही, पाय आपोआप जातो, पण आठवड्यातून एकदा गिअरची आणि एरवी ऑटोमॅटिक चालवणाऱ्याचा पाय चुकतो. म्हणून एक पिस्तूल, एक पद्धत. आज खटकावालं, उद्या बिनखटक्याचं असं करणाऱ्यांची मला जास्त काळजी वाटते. त्यात भर म्हणजे सगळे खटके एकाच दिशेने चालत नाहीत, १९११ वर खाली ढकललं की गोळीबाराला तयार, बेरेटा ९२ वर मात्र वर ढकलावं लागतं, आणि तिथे तो स्लाइडवर असल्याने स्लाइड ओढताना नकळत सेफ्टी लागूही शकते.

तेव्हा स्वतःला प्रामाणिकपणे विचारा, मी किती सराव करणार आहे? सुरुवातीच्या उत्साहात नाही, सहा महिन्यांनी. आठवड्यातून दोन-तीनदा दहा-पंधरा मिनिटं रिकाम्या पिस्तुलाने सराव होणार असेल तर खटकावालं घ्या, तुमच्यासाठी माझा कौल त्याच बाजूला आहे, कारण तुम्ही नव्या आहात आणि नव्या माणसाच्या हातून चुका होतात त्या हल्ल्याच्या प्रसंगात कमी, रोजच्या काढण्या-घालण्यात जास्त. पण सराव होणार नाही असं मनातून वाटत असेल तर खटका घेऊ नका, त्याऐवजी पहिला ट्रिगर लांब आणि जड असलेलं, बाहेर घोडा असलेलं पिस्तूल बघा. त्यात एक मोठी सोय अशी की घोडा खाली उतरवून होल्स्टरमध्ये घालताना त्यावर अंगठा दाबून ठेवता येतो, ट्रिगरला काही अडकलं तर घोडा अंगठ्याखाली उचलायला लागतो, तो अंगठ्याला कळतो आणि तुम्ही तिथेच थांबता. ऐनवेळी विसरण्यासारखं काही नाही. फक्त त्या जड पहिल्या ट्रिगरवर नेम धरणं शिकावं लागतं आणि गोळीबार झाल्यावर घोडा उतरवायची सवय लागते. आणि तेवढाही सराव जमणार नसेल तर, ताई, पिस्तूल पेटीतच राहू दे, सोबत नको.

डावखुरेपणाकडे सरांनी लक्ष दिलेलं दिसत नाही. बऱ्याच पिस्तुलांवर खटका फक्त डाव्या बाजूला असतो, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी. तुमच्या डाव्या अंगठ्याला तो पकड न सोडता पोचणारच नाही. दोन्ही बाजूंना खटका असलेलाच प्रकार हवा, आणि तो नुसता कॅटलॉगमध्ये बघून चालणार नाही, रिकामं पिस्तूल तपासून डाव्या हातात धरा, पकड जराही न बदलता खटका खाली जातो का (म्हणजे सेफ्टी निघते का), परत वर येतो का. वर घेताना पकड थोडी हलली तर चालेल, खाली करताना हलता कामा नये. दोन्ही बाजूंना खटका असला की एक नवीनच गोष्ट होते, बाहेरच्या बाजूचा खटका कपड्याला, सीटबेल्टला घासून आपोआप खाली पडू शकतो. म्हणून पहिले आठ-दहा दिवस रिकामं पिस्तूल होल्स्टरमध्ये घालून घरातल्या घरात वावरा, वाका, बसा, मुलाला उचला, आणि रोज संध्याकाळी बघा खटका होता तिथेच आहे का. एकदा जरी खाली सापडला तरी ते होल्स्टर किंवा ते पिस्तूल तुमच्यासाठी नाही. हीच चाचणी बिनखटक्याचं घेणाऱ्यांनीही करावी, रिकामं पण स्लाइड ओढून तयार केलेलं पिस्तूल दिवसभर बाळगायचं आणि रात्री ट्रिगर सुटलेला आहे का ते बघायचं. नवे असताना "आपोआप उडेल" ही जी धास्ती असते ती अशा दिवसांनीच कमी होते, कोणाच्या समजावण्याने नाही.

चेंबरमध्ये गोळी ठेवायची का, हे तुम्ही सगळ्यात शेवटी विचारलंय पण माझ्या दृष्टीने खटक्यापेक्षा हा मोठा प्रश्न आहे. चेंबर रिकामं असलं तर काढून स्लाइड ओढावी लागते, दोन्ही हात लागतात, आणि झटापटीत दुसरा हात समोरच्याला अडवत असतो किंवा मुलाला धरून असतो. तरीही मी म्हणेन पहिले काही महिने रिकाम्या चेंबरनेच बाळगा. सर नाराज होतील. पण काढणं, घालणं, बोट ट्रिगरबाहेर सरळ चौकटीवर ठेवणं हे सगळं अंगवळणी पडेपर्यंत तुमच्या हातून होणारी चूक हाच जास्त जवळचा धोका आहे. सरांसमोर काढण्या-घालण्यात महिनाभर एकही चूक झाली नाही की मग त्यांच्याशीच बोलून चेंबर भरायचं ठरवा.

सराव कसा ते सरांनी शिकवलं असेल, तरी दोन गोष्टी. सराव करताना काडतुसं दुसऱ्या खोलीत, मॅगझिन काढायचं, चेंबर डोळ्याने बघायचं आणि बोट घालूनही बघायचं, नुसतं "रिकामंच आहे" म्हणणं पुरत नाही, आणि रिकामं असलं तरी तोंड अशाच भिंतीकडे जिच्यापलीकडे कोणी नाही. खटकावालं असेल तर प्रत्येक वेळी काढताना खाली, घालण्याआधी वर, गोळी न झाडता नुसतंच काढलं तरीही. घालताना घाई कधीच नको, तिथे वेळेचा प्रश्नच नसतो, मान खाली घालून होल्स्टरमध्ये बघा, कापड बाजूला करा, मग सावकाश आत. दुसरी गोष्ट, पिस्तूल हातातून निसटलं तर झेलायला जाऊ नका, पडू द्या. झेलताना बोट ट्रिगरमध्ये जातं. पडल्यावर आतल्या सोयी काम करतात, म्हणून घेण्याआधी त्या मॉडेलबद्दल पडण्यासंबंधीची कुठली सूचना किंवा सुधारणा निघाली होती का हे जरूर विचारा. अमेरिकन सैन्याने निवडलेल्या त्या पिस्तुलाचं बाजारातलं रूप, सिग पी३२०, विशिष्ट कोनात पडलं तर गोळी सुटू शकते असं २०१७ मध्ये समोर आलं आणि कंपनीने आधी विकलेल्या पिस्तुलांसाठी मोफत सुधारणा देऊ केली. जुनं, हातोहात आलेलं पिस्तूल घेत असाल तर अशी सुधारणा त्यात झालीय का हे कागदावर बघा.

मिस्टरांना एकदा रेंजवर घेऊन जा. खटका लावलेलं रिकामं पिस्तूल त्यांच्या हातात द्या, तो किती सहज उघडतो ते त्यांना स्वतः बघू दे, आणि सरांना तिथेच डावखुऱ्या माणसाने काढून घालून दाखवायला सांगा, दोन्ही प्रकार. पैसे त्यानंतर भरा.